सातव्या गाण्यातली जवारी

मिरजेच्या दस्तगीरभाईंनी बनवलेला तंबोरा मेक्सिकोतल्या एका रॉक बँडच्या नव्या अल्बममध्ये वाजला होता. अल्बम आल्यापासून त्यांची लेक तबस्सुम श्रोत्यांची मतं मोबाईलवर भाषांतर करून वाचून दाखवत होती.

“ड्रम जोरदार. आवाज थकलाय. गायकानं केस का कापले?”

“आणि तंबोरा?”

“कुणीच काही म्हटलं नाही, अब्बा.”

दोनशे मतं झाली, तशी दस्तगीरभाईंनी हातातली कानस आपटली. “चार महिने जीव ओतला मी! आणि यांना त्याच्या केसांचं पडलंय!”

पुढचं मत बघून तबस्सुमनं मोबाईल उलटा ठेवला. त्यांनी दटावल्यावर तिनं नाइलाजानं वाचलं, “सातव्या गाण्यात मागं सतत माशी घोंगावल्यासारखा आवाज येतो. रेकॉर्डिंगमध्ये बिघाड असावा. हेडफोन बदलले, तरी जात नाही.”

दस्तगीरभाईंनी ते मत पुन्हा वाचायला लावलं. तारांखालची घोडी केसाएवढी घासत घासत त्यांनी तोच गुंजारव तर आणला होता. तीच तर जवारी.

“लिही त्याला,” ते म्हणाले. आपटलेली कानस त्यांनी हसत उचलली. “म्हणावं, जाणारही नाही.”