टीचरच्या टेबलावरची हृदयं

व्हॅलेंटाइनच्या दिवशीही आमच्या मिशनच्या बालवर्गाच्या टीचर प्रार्थना संपल्यावरच उगवल्या. आल्या आल्या एकीचा कान पिरगाळला, डिंक सांडला म्हणून एकाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तरी मुलांनी लाल कागदाची हृदयं कापली आणि एकजात सगळी टीचरच्या टेबलावर नेऊन ठेवली.

टीचर हुरळल्या. मला म्हणाल्या, “बघा मावशी! नाकं तुम्ही पुसता, पण जीव कुणावर आहे?”

मला एकही मिळालं नव्हतं. मी कागदाचे कपटे झाडत राहिले.

त्यांनी मघाच्या लाल कानवालीलाच जवळ ओढलं. “सांग गं, मलाच का दिलंस?”

 

“फादर प्रार्थनेत म्हणाले, जे आपल्याला रोज रडवतात, त्यांना माफ करून आपलं हृदय द्यायचं.”