किरकोळ झटापट

“करा सही, मावशी,” म्हणत हवालदारानं कागद पुढं सरकवला. सून माझ्या शेजारी बाकावर बसली होती. तिचा ओठ फाटला होता आणि बांगड्यांवर भाकरीचं पीठ वाळलं होतं.

मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. ‘घरगुती स्कफल.’

“हे काय असतं?”

“इंग्रजी आहे. किरकोळ झटापट. नवराबायकोत चालायचंच. अन् मारणारा तुमचाच लेक की!”

“झटापटीला दोघांचे हात लागतात, साहेब. हिचे दोन्ही हात परातीत होते. मी समोरच होते. खोडा ते.”

“चार अक्षरं आली म्हणून आता पोलिसांना शिकवता?”

“मला हिनंच शिकवली. चुकलं की खोडून पुन्हा लिहायचं, हेही.”

सून पुटपुटली, “आई, राहू द्या.” मी हलले नाही.

शेवटी त्यानं ते खोडून ‘मारहाण’ लिहिलं आणि माझ्याकडं रोखून पाहिलं. “बरं. मारणाऱ्याचं नाव?”

मी पेन मागून घेतलं. स्वतःच्या नावाआधी जे नाव गिरवायला शिकले होते, तेच लिहिलं. भानुदास.

एकही काना चुकला नाही.