आधी कोण बोललं

दीपाली मोहफुलं कमी वेचत होती आणि भाषण जास्त करत होती. कुरखेड्याच्या कॉलेजात उद्या स्पर्धा होती. विषय भला मोठा : महामारीत कोणत्या देशाचा उपाय बरा ठरला?

"स्वीडननं दारं बरीचशी उघडी ठेवली. शेजारी देशांपेक्षा तिथं माणसं जास्त गेली," तिनं मोहाच्या झाडाला ठणकावून सांगितलं. "न्यूझीलंडनं सीमाच बंद केली. त्यांची स्वतःची माणसंसुद्धा बाहेर ताटकळली. पण जीव वाचले!"

शेजारी फुलं वेचणाऱ्या म्हाताऱ्या सोमारीचा हात थांबला. "आपल्या गावासारखंच का वो?"

महामारीत त्यांच्या गावानंही रस्त्यावर बांबू आडवा टाकला होता. तेलंगणात मिरची तोडायला गेलेला चैतू, सोमारीचा लेक, पायी चालत आला, तर त्याला पलीकडूनच परतवून लावलं. सोमारी अलीकडे उभी होती. गावापुढे तिचं तोंड उघडलं नाही.

त्या साथीत गावात कुणीच दगावलं नाही. गाव अजून त्याची फुशारकी मारतं. चैतू मात्र तिकडचाच झाला, लग्नही तिकडेच केलं. सणावाराला फोन येतो. ये असं सोमारी म्हणत नाही, येतो असं तो म्हणत नाही. मायलेक दोघंही सारखेच हट्टी. तो परतला तेही मोहाचेच दिवस होते; ते आले की तिला तो बांबू आठवतो.

"मंग? ज्यायले बाहेर ठेवलं, ते वापस आले का?"

"आले न. दार उघडलं तवा विमानतळावर गळ्यात पडून रडले लोकं."

"आधी कोण बोललं? बाहेरचे का घरचे?"

हे दीपालीनं कुठंच वाचलं नव्हतं. "घरच्यायनंच बलावलं असन," ती हळूच म्हणाली.

सोमारीनं पदराला हात पुसले. "लाव फोन."

फोन चैतूच्या लेकीनं उचलला. आजीनं नातीला अजून पाहिलंही नव्हतं. पोर तेलुगूत भराभरा काहीतरी बोलली. सोमारीला ओ की ठो कळलं नाही. इतकी वर्षं अडलेला शब्द तिनं कसाबसा बाहेर काढला.

"ये."

पोरीला त्या शब्दाची गंमत वाटली असावी. ती खिदळली. "ये!" ती म्हणाली. "ये! ये!"

सोमारीनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"येतो वो बाई," ती म्हणाली. "मीच येतो."