सहा मिनिटांचे प्रतिप्रोटॉन

आंबा घाटात गाडीची बॅटरी गेली, तेव्हा मीनलजवळच्या औषधाच्या बाटलीच्या पडद्यावर सहा मिनिटांची वीज उरली होती. तिने टोमॅटोच्या ट्रकला हात केला.

"तुमच्या बॅटरीला ही बाटली जोडू द्या. आतल्या प्रतिप्रोटॉनांना चुंबकाने अधांतरी धरलंय. वीज गेली की ते बाटलीच्या भिंतीला टेकून तिच्यातल्या कणांसकट नष्ट होतील."

ड्रायव्हर दस्तगीर मागे सरकला. "म्हंजे स्फोट? ताई, घरी दोन पोरं हायत माझी!"

"बाटली कोमटसुद्धा होणार नाही. एखाद्या स्कॅनइतके किरण निघतील, बस्स. पण औषध जाईल. कोल्हापुरात आठ वर्षांची मुलगी ऑपरेशनच्या टेबलावर आहे. तिच्या मेंदूतली गाठ यानेच जाळायची आहे, आणि पुढची बाटली दोन महिन्यांनी मिळेल."

"खरं बोलताय कशावरून?"

मीनलने बाटली उचलून पोटाशी घट्ट धरली. "तारा तुम्ही जोडा."

दस्तगीरने तिच्या पोटाशी धरलेल्या बाटलीकडे पाहिलं आणि चिमटे घेऊन तो धावला. अकरा सेकंद उरले असताना आकडा थांबला, मग हळूहळू वाढू लागला.

"वर बसा," कपाळ पुसत तो म्हणाला. "कोल्हापूर येईस्तोवर इंजिन बंद करत नाही. टोमॅटो उतरवू नंतर."