‘माहीत नाही’ लिहायचं नाही

“आमच्या घरची सगळी मतं एकाच पक्षाला,” सासऱ्यांनी सांगून टाकलं. सर्वेक्षणवाल्या मुलीला घरं दाखवत फिरणारा त्या पक्षाचा कार्यकर्ता खूश झाला.

मुलीने टॅबवरून नजर उचलली. “वहिनी, पंतप्रधान म्हणून तुमची पसंती कुणाला?”

भाकरीच्या पिठाने माखलेले हात तसेच धरून सुनेने आधी कार्यकर्त्याकडे बघितलं.

“तिला काय कळतंय त्यातलं? ‘माहीत नाही’ लिही,” सासरे म्हणाले.

“थांब गं,” सून म्हणाली. “मला माहीत आहे. पण सांगणार नाही.”

“असा पर्याय नाही यात, वहिनी.”

“मग मला गाळ. पण ‘माहीत नाही’ लिहायचं नाही.”

“काका, सूनबाई फार शिकलेल्या दिसतात,” कार्यकर्ता कुत्सितपणे हसला.

तेवढ्यात आत लसूण सोलत बसलेल्या सासूबाई उठून दारात आल्या. “पोरी, यांनी मघाशी माझंही मत सांगितलं ना? ते खोडून टाक.”

सासरे चमकले. “म्हणजे? इतकी वर्षं तू कोणतं बटण दाबत होतीस?”

सासूबाई सुनेशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“सांगणार नाही.”