लिंबाचा वास

बाळांनो, डोळे मिटा आणि एक स्वयंपाकघर समोर आणा. खिडकीतल्या उन्हात पिठाचे कण इतके सावकाश तरंगताहेत, जणू अख्खं घर डुलक्या घेतंय. बाबांनी नुकतीच घरी आणलेली नवी आई तिथे पहिल्यांदाच केक करते आहे. तिची पाठ वळली, आणि बाबांच्या लहान मुलीने दुधात अख्खं लिंबू पिळलं. केक बिघडला की ही बाई आपली आई होऊ शकणार नाही, असं तिला वाटत होतं.

“अगं बाई, दूध फाटलं!” नवी आई भांड्याकडे बघत राहिली. घरात दुसरं दूध नव्हतं. तिने तेच सोडा घातलेल्या पिठात ओतलं. मिश्रण हळूच फसफसलं. ओव्हनच्या काचेआड केक ढगासारखा वर चढत गेला, आणि मुलगी रुसवा विसरून बघत बसली.

“इतका हलका केक जन्मात खाल्ला नाही,” बाबा म्हणाले. “काय जादू केलीस?”

“माझी कसली जादू? लिंबू पिळायचं हिला सुचलं.”

मुलीचा घास तोंडातच राहिला. बाबा चहा ठेवायला उठल्यावर तिने हळूच विचारलं, “काकू, तुम्ही बघितलं होतं?”

“बघायला कशाला हवं? बोटांना वास येतोय, वेडाबाई.”

मुलीने बोटं फ्रॉकला पुसली. मग आपल्या बशीतला मोठा तुकडा मोडून तिने नव्या आईपुढे धरला. “तू अजून खाल्लाच नाहीस,” ती म्हणाली.