मानाचा एक नंबर

माणसाचं हृदय त्याच्या एकट्याचं असतं, असं मानवजात आजवर मानत आली आहे. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र आठ यांत्रिक हृदयं एकाच वायरीवर चालत होती, कारण वायर जोडायचं पोर्ट एकच मंजूर झालं होतं. देखरेखीचं यंत्र दर दहा मिनिटांनी आठही क्रमांक एकेक करून पुकारी आणि ज्याचा क्रमांक, तेवढंच हृदय उत्तर देई.

आज क्रमांक एककडून दोनदा नुसता गोंधळ ऐकू आला. तिसऱ्यांदाही तसंच झालं असतं, तर क्रमांक एक वारला असं समजून यंत्र त्या क्रमांकाचा पंप बंद करणार होतं.

"ह्यांना आणि शेजारच्यांना, दोघांनाही एकच नंबर दिलात?" दाभोळे मुख्याध्यापकांच्या पत्नी कुसुमताई किंचाळल्या.

"काय करू बाई? एक नंबरच हवा म्हणून दोघंही ऐकेनात," तंत्रज्ञ इनामदार घाम पुसत म्हणाला. "आठ नंबर रिकामा आहे. कुणीतरी घ्या. चारच मिनिटं उरलीत."

"अहो, सोडा ना!" कुसुमताई नवऱ्याला म्हणाल्या.

"मी जन्मात कधी दुसरा आलो नाही, आणि आता आठवा?" दाभोळे म्हणाले. "तहसीलदारांना सांग."

शेजारच्या खाटेवरचे निवृत्त तहसीलदार घाटगे छताकडे बघत होते. "माझा अर्ज आधीचा आहे."

कुसुमताई त्यांच्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "रावसाहेब, माझ्याकडे बघून तरी."

घाटग्यांनी एक अख्खं मिनिट घालवलं. "ठीक आहे. पण मी स्वखुशीने सोडला, असं लेखी हवं."

इनामदारने धावतपळत कागदही लिहिला आणि घाटग्यांचा क्रमांकही आठ केला. यंत्राने पुकारा केला. दोन्ही हृदयांनी आपापल्या पाळीला स्वच्छ उत्तर दिलं. दाभोळ्यांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

यंत्र पुकारा नेहमी आठपासून सुरू करत असे.